दोन विहिणी नटल्या

एकसष्टाव्या वर्षी मधुमती सरनाईकने नाक टोचून घेतलं. सोनाराकडे नाही, वॉटफर्डच्या हाय स्ट्रीटवर, टॅटूच्या दुकानात. तिच्या आधी खुर्चीत बसलेल्या मुलीने खांद्यावर डॉल्फिन काढून घेतला होता. दुकानदार दाढीवाला, मनगटापासून मानेपर्यंत गोंदलेला, पण बोलायला अदबशीर. साडीवर हिवाळी कोट चढवून आलेल्या या करड्या केसांच्या बाईकडे बघून त्याने विचारलं, “फर्स्ट टाइम, लव्ह?”

“सेकंड,” मधुमती म्हणाली. “पहिलं होतं, ते लोकांनी बुजवायला लावलं.”

तो बिचारा यातून काय समजणार? त्याने मान डोलावली. मग तिने त्याची उलटतपासणी सुरू केली. उभी हयात हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात गेलेली बाई ती. सुई नवी आहे का, पाकीट माझ्यासमोर फोडणार का, फोन घेतला तर हातमोजे बदलणार का, सगळं विचारून झालं तेव्हा घाम त्यालाच फुटला होता. सुई आरपार गेली आणि डोळ्यांतून पाणी आलं. नाक टोचलं की ते आपसूक येतं, रडण्याशी त्याचा संबंध नाही. आरशात डावी नाकपुडी निरखून ती म्हणाली, अगदी किंचित वर हवं होतं, पण चालेल.

आता हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

मधुमती कोल्हापूरची. विष्णू सरनाईक हा भूल देणारा डॉक्टर तिला लग्न करून वॉटफर्डला घेऊन आला तेव्हा ती बी.एस्सी. झालेली होती, आणि घरात बसून खिडकीतून दुसऱ्यांच्या बागा बघत बसायचा तिचा मुळीच विचार नव्हता. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने नोकरी धरली. पहिल्यांदा सुट्टीवर गावी गेली ती स्वतःचा साठवलेला पगार घेऊन, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गुजरीत, म्हणजे कोल्हापुरातल्या सोनारांच्या गल्लीत, जाऊन तिने साज आणि मोत्यांची नथ करायला टाकली. सोनाराने विचारलं, “डॉक्टरसाहेब कुठायत?” ती म्हणाली, “ते घरी झोपलेत. सोनं माझं आहे.”

सासूबाईंनी नाक मुरडलं. सुनेने स्वतःला सोनं स्वतः घेतलं, हे त्यांना शेवटपर्यंत पचलं नाही. विष्णू मात्र हसत सुटला. “माझ्या पगाराचं पेट्रोल, हिच्या पगाराची नथ. वाटणी बरोबर आहे,” म्हणाला. माणूस चांगला होता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढच्या भांडणात त्याचं नाव पुष्कळदा घेतलं गेलं, आणि दर वेळी चुकीच्या बाजूने.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मधुमती नऊवारी नेसायची. बाकीच्या बायकांनी हळूहळू शिवलेल्या नऊवारी आणल्या, पाय घातले की झालं. ही मात्र शेवटपर्यंत सगळं पातळ कासोटा घालून नेसायची. गळ्यात साज, नाकात नथ, आणि कौन्सिलच्या कार पार्कमधून लेझीम खेळत सगळ्यांच्या पुढे. विष्णू कॅमेरा घेऊन मागून धावायचा आणि नेमकं डोकं कापलेले फोटो काढायचा.

२००३ साली तो गेला. हृदय बंद पडलं, तेही ड्यूटीवरून घरी येताना, गाडी नीट कडेला लावून. तेराव्याला त्याची धाकटी बहीण सुलक्षणा पिनरहून आली, वहिनीजवळ बसली, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, “वहिनी, ती नाकातली चमकी आता काढून ठेवा. लोक बघतायत.” मधुमतीला त्या दिवशी आपण कुठल्या खोलीत बसलोय हेही धड कळत नव्हतं. तिने काढली. काही आठवड्यांत भोक बुजून गेलं.

पुढच्या जानेवारीत ती मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली. करंडा शेजारणीपाशी थांबला आणि मधुमतीला ओलांडून पलीकडच्या बाईकडे गेला. वाईट कोणी बोललं नाही. उलट तिळगूळ तिला जरा जास्तच दिला. घरी येऊन तो तिने डब्यासकट बिनमध्ये टाकला आणि नंतर त्या कार्यक्रमाकडे फिरकली नाही. तिला दुःख झालं असेल असं मंडळातल्या बायकांना वाटलं. तिला राग आला होता. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो त्या बायकांना कधी कळला नाही.

मग गंधारचं लग्न ठरलं. गंधार हा तिचा एकुलता एक, जन्मापासून वॉटफर्डचा, मँचेस्टरला शिकताना त्याला मारिसोल भेटली. मुलगी मेक्सिकोची. तिथे दक्षिणेला हुचितान नावाचं गाव आहे, तिथली. तिची आई बाजारात सोडे आणि खारवलेली मासळी विकते, हे ऐकून पिनरला सुलक्षणाच्या घरी थोडी शांतता पसरली होती. मधुमतीला मुलगी आवडली. पहिल्याच जेवणात तिने ठेचा मागून घेतला आणि वर विचारलं, याहून तिखट नाही का?

फेब्रुवारीत पिनरला बैठक झाली. सुलक्षणाने सगळं ठरवूनच ठेवलं होतं. तिचा नवरा हरीश सोफ्यावर बिस्किटांची बशी घेऊन बसला होता.

“वहिनी, देवकाला मी आणि हरीश बसतो. हळदीला पाच सवाष्णी मी बघते. तुम्ही पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. साडी एखादी पेस्टल शेडची घ्या, एलिगंट दिसेल.”

“गंधारची आई मी आहे ना?”

“म्हणजे काय, आहातच. पण शुभकार्यात आपण उगीच रिस्क कशाला घ्यायची?”

हरीशची सगळी नोकरी इन्शुरन्समध्ये गेली होती. रिस्क हा शब्द ऐकून त्यानेही बायकोकडे एकदा बघितलं आणि मग बिस्कीट उचललं.

परतीच्या ट्रेनमध्ये मधुमतीच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. मंगळसूत्र विष्णूने घातलं होतं. ते त्याचं, आणि त्याच्याबरोबर संपलं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पण नथ? नथ तिने लोकांच्या रक्ताच्या बाटल्या हाताळून, रात्रपाळ्या करून घेतली होती. ती विष्णूबरोबर कशी काय गेली? आणि आपल्या पोराच्या गालाला हळद लावायची, तर तिथे नवरा जिवंत असल्याचा दाखला कशाला लागतो? वॉटफर्ड येईपर्यंत तिचं ठरलं होतं. नथ तारेची होती, भोकाशिवाय बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने ते दुकान गाठलं.

गंधारला तिने फोनवर सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला,

“आई, I don't get it. आत्या म्हणते तू स्टेजवर नाही येणार. पण माझा आई तर तू आहे. आपण हळद कॅन्सल करू या ना.”

“मुळीच नाही. हळद होणार. मी घरी भाजून, दळून करणार, आणि मीच लावणार.”

हळद भाजत नसतात, हे तिला माहीत होतं. पण रागाच्या भरात बोलली, आणि गंधारला त्यातलं काय कळणार होतं.

पाडव्याला सुलक्षणाने नव्या चमकीकडे बघितलं. चहा ओतता ओतता थांबली. “हे काय, वहिनी?”

“चमकी.”

“दादाला काय वाटलं असतं?”

“त्यांनी फोटो काढला असता,” मधुमती म्हणाली. “डोकं कापून.”

त्यानंतर दोघी तीन महिने फक्त केटरिंगबद्दल बोलल्या.

जुलैत विहीणबाई आल्या. रेयना त्यांचं नाव. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, हातात वजन उचलायची सवय असलेल्या. इंग्रजीचा गंध नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही. आल्या दिवशी मारिसोल बाहेर गेली आणि दोघी विहिणी घरात एकट्या उरल्या. काय बोलायचं? रेयनाबाईंनी बॅग उघडली. काळ्या मखमलीची चोळी काढली. तिच्यावर लाल-पिवळी फुलं इतकी दाट भरलेली, की मखमल शोधावी लागावी. तसाच घेरदार घागरा, खाली हातभर पांढरी झालर. मग चुरगळू नये म्हणून कागदांत गुंडाळून आणलेली लेसची एक भली मोठी चुणीदार प्रभावळ. ती डोक्यावर बसवली की चेहरा तेवढा मधोमध दिसतो. आणि शेवटी एका मोज्यातून निघालं सोनं. सोन्याची खरी नाणी, साखळीत ओवलेली. रेयनाबाई एकेका नाण्यावर बोट ठेवत गेल्या आणि हाताने तराजू धरल्याची खूण करत गेल्या. बाजारात तोलून विकलं, आणि हे घेतलं. मधुमतीला एक शब्द न कळता सगळं कळलं.

ती उठली, कपाटातून आपला साज आणि नथ घेऊन आली आणि नाण्यांशेजारी मांडली. आपल्या छातीवर बोट ठेवून म्हणाली, “माझं.” रेयनाबाईंनी नथ उचलली, उजेडात धरली, मोत्यांना फुंकर घातली. मग त्यांची नजर भिंतीवरच्या विष्णूच्या फोटोकडे गेली. फोटोला हार होता. त्यांनी फोटोकडे बोट केलं, मग स्वतःकडे, आणि पाकिटातून एका मिशीवाल्या माणसाचा जुना फोटो काढून पलंगावर ठेवला. डोळे मिटून मान तिरकी केली. बाकीचं नंतर मारिसोलकडून कळलं. ती लहान असतानाच तो गेला होता. काही काळ त्यांनी काळे कपडे घातले, मग सणावाराला पुन्हा ही फुलं अंगावर घेतली. त्यांच्या गावात त्याबद्दल कोणी त्यांना बोललं नव्हतं.

हे सगळं सुलक्षणाला कोणी सांगितलं नाही. तिने विचारलं होतं एकदा, “मुलीचे वडील येणार नाहीत का?” मधुमतीने खरं तेच सांगितलं, “नाही येणार.” सुलक्षणाने मान हलवली आणि म्हणाली, “व्हिसाचं काही झालं असेल.” या देशात राहून आपल्या लोकांना दुसरं कारण सुचतच नाही. मधुमतीने ते खोडून काढायची तसदी घेतली नाही.

लग्नाचा शनिवार उजाडला. वॉटफर्डमधल्या एका शाळेचा हॉल, मागे बास्केटबॉलची जाळी, पुढे झेंडूच्या माळा. हळद सकाळी, दोघांची एकत्रच, कारण हॉल संध्याकाळपर्यंतच मिळाला होता. मधुमती बाहेर आली ती डाळिंबी नऊवारी नेसून. कपाळावर चंद्रकोर, गळ्यात साज, नाकात नथ. बायकांचा गलका एकदम बसला. तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, एकेकीच्या डोळ्यांत, आणि कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा असा चेहरा करून उभी राहिली. कोणी विचारलं नाही.

सुलक्षणाने मात्र तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, तीच पंचाईत होती.

“वहिनी, नटलात ते नटलात. मी एक अक्षर बोलणार नाही. पण हळद तुम्ही लावू नका. माझ्यासाठी नाही, गंधारसाठी. उद्या पोरांच्या संसारात काही वेडंवाकडं झालं, तर तुम्हालाच जन्मभर वाटत राहील.”

सगळ्या टोमण्यांची उत्तरं मधुमतीने तयार ठेवली होती. याचं नव्हतं. मूर्खपणा आहे, हे तिला कळत होतं. लॅबमध्ये काढलेल्या आयुष्याने तिला निदान एवढं शिकवलं होतं, की कोणाचा हात लागून नवरे मरत नसतात. पण आईच्या मनाला भीती घालणं सोपं असतं, आणि लोकांना ते बरोबर ठाऊक असतं. इतके महिने ताठ राहिलेली ती बाई, नाकात नथ घालून, मुकाट्याने पहिल्या रांगेत मधोमध जाऊन बसली. स्वतःचाच तिला इतका संताप आला होता, की साजाचा फासा गळ्याला रुतायला लागला.

गंधार आणि मारिसोल पाटावर बसले. तेवढ्यात रेयनाबाई आल्या. फुलांनी भरलेली मखमल, वेणीत रिबिनी आणि फुलं, चेहऱ्याभोवती पांढरी प्रभावळ, छातीवर सोन्याची नाणी. हॉलमधल्या सगळ्या पैठण्या फिक्या पडल्या. सुलक्षणा लगबगीने पुढे गेली. इतकी नटलेली बाई सवाष्ण नसेल, ही शंका तिच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं. “पहिला मान विहीणबाईंचा,” असं म्हणून तिने त्यांना हळदकुंकू लावलं, नारळ आणि खणाने ओटी भरली, हातात आंब्याची पानं दिली. रेयनाबाईंनी दोघांच्या गालांना, हातांना, पावलांना भरपूर हळद लावली. बायकांनी अक्षता टाकल्या. मग त्या वळल्या, पहिल्या रांगेत बसलेल्या विहिणीकडे बघितलं आणि मुलीला काहीतरी विचारलं.

“आत्या, mamá विचारते आहे,” मारिसोल शिकलेल्या मराठीत म्हणाली, “आई का बसली तिकडे?”

सुलक्षणाने हसून, सावकाश, इंग्रजीत समजावून सांगितलं. ही आमची परंपरा आहे. ज्यांचे मिस्टर हयात नाहीत त्या हळद लावत नाहीत. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, सगळं मुलांच्या भल्यासाठी असतं.

मारिसोलने आईला सांगितलं. रेयनाबाईंनी नीट ऐकून घेतलं. ओटीतल्या नारळाकडे बघितलं, मग जावयाच्या पिवळ्या झालेल्या गालांकडे. काही बोलल्या. आवाज शांत होता. मारिसोलला ते मराठीत सांगायला थोडा वेळ लागला.

“ती म्हणते, माझे बाबा पण नाहीत. मी सहा वर्षांची होते तेव्हाच गेले. ती विचारते, मग आता ही हळद पुसायची का?”

सुलक्षणाच्या हातात करंडा तसाच उघडा होता. नवऱ्या मुलीच्या आईला भर मांडवात उठवायचं? आणि लावलेली हळद पुसायची, तीही नवरदेवाच्या गालावरून? तिने आजूबाजूला बघितलं. उरलेल्या चारही सवाष्णींना अचानक आपापल्या पदराचे काठ फार महत्त्वाचे वाटायला लागले होते.

मधुमती उठली. निऱ्या सावरल्या आणि चालत पुढे गेली. सुलक्षणा वाटेतच उभी होती. ती आडवी आली असं नव्हतं, तिला बाजूला व्हायचं सुचलंच नव्हतं. वहिनी समोर आल्यावर ती पुटपुटली, “आणि काही झालं तर?”

“वन्सं,” मधुमती म्हणाली, “आमच्या लग्नात आम्हाला पाच सवाष्णींनीच हळद लावली होती. तुमच्या आईने निवडून आणलेल्या. एकीवरही बोट ठेवायला जागा नव्हती. तुम्ही परकर सावरत त्यांच्या मागे ताट घेऊन उभ्या होतात. तरी हे गेलेच ना?”

शेवटी सुलक्षणा विष्णूची बहीण होती. तिने करंड्याचं झाकण लावलं, ते दोनदा निसटलं, आणि ती अर्धं पाऊल बाजूला झाली.

मधुमतीला तेवढं पुरेसं होतं. तिने आंब्याची पानं घेतली नाहीत. दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीच्या वाटग्यात घातले. डाळिंबी पदरावर हळद सांडली, आणि पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना ते दिसत होतं. दिसू दे. तिने गंधारचा चेहरा ओंजळीत धरला आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत माखत गेली.

“आई,” गंधार म्हणाला, “डोळ्यात जाते आहे.”

“जाऊ दे,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या गालाकडे वळली.